ओले एव्हिनरूड : होडीच्या पाठीला इंजिन लावणारा माणूस

आपल्या मेकॅनिकलच्या वर्गात कुणालाही आवडता इंजिनीअर विचारून पाहा. उत्तरं ठरलेली आहेत. रुडॉल्फ डिझेल, हेन्री फोर्ड, आणि कुणाचा मराठी बाणा जागा झालाच तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. ओले एव्हिनरूड हे नाव कुणी घेणार नाही. खरं तर जगात जिथे जिथे छोटी मोटरबोट चालते तिथे हे नाव लोकांना माहीत आहे. डिस्नेच्या १९७७ सालच्या ‘द रेस्क्यूअर्स’ या कार्टून सिनेमात पानाची होडी पळवणारा एक चतुर आहे, त्या चिमुकल्या किड्याचं नावसुद्धा एव्हिनरूडच! आणि मराठीत ‘ओले’ म्हणजे भिजलेले. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य पाण्याकाठी गेलं त्याचं नाव ओले असावं, ही गंमत मला फार आवडते.

आउटबोर्ड इंजिन म्हणजे काय ते आधी सांगते. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून क्लॅम्पने अडकवायचं, दोरी ओढून चालू करायचं आणि काम झालं की सोडवून खांद्यावर टाकून घरी न्यायचं, असं इंजिन. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. या शब्दाला मी मराठी प्रतिशब्द शोधला (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून मुद्दाम शोधला), पण धड एकही सापडला नाही. एनडीआरएफचे जवान त्याला नुसतं ‘ओबीएम’ म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, आपण नांदुऱ्याकडची माणसं, आपला आणि ओबीएमचा संबंध काय? मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या वर. आपली ज्ञानगंगा पावसाळा सोडला तर होडीच्या उपयोगाची नाही. पण जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे काय पूर आला होता ते आठवा. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीच्या पुरात माणसं गच्चीवरून उचलून आणणाऱ्या रबरी बोटी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्या बोटीच्या मागे जे घरघरत होतं ते आउटबोर्डच. ते भर पाण्यात बंद पडलं तर काय होईल, हा प्रश्न ज्याच्या आयुष्याशी जोडलेला आहे त्याची ही गोष्ट.

ओलेचा जन्म १८७७ साली नॉर्वेमध्ये, शेतकरी घरात झाला. पाच वर्षांचा असताना, म्हणजे १८८२ साली, त्याचं कुटुंब अमेरिकेला गेलं. सांगतात की जहाजावरच्या त्या प्रवासात हे पोर सारखं हरवायचं आणि दर वेळी इंजिनरूममध्ये सापडायचं. पुढे विस्कॉन्सिन राज्यात लेक रिप्ली नावाच्या तळ्याजवळ वडिलांनी शेती केली. ओलेची शाळा लवकरच सुटली. त्याने लपूनछपून एक होडी बनवायला घेतली. वडिलांना असले उद्योग मुळीच पसंत नव्हते, त्यांनी ती मोडून टाकली. ओलेने दुसरी बनवली, तीही चोरूनच. ती पाण्यावर नीट चालली तेव्हा कुठे वडिलांचा राग निवळला, अशी हकीकत आहे. (आपल्याकडे वडील होडी मोडत नाहीत, मोबाइल काढून घेतात. असो.)

सोळाव्या वर्षी तो घर सोडून मॅडिसन गावी गेला. सुमारे वीस मैल, चक्क पायी. तिथे शेती-अवजारांच्या कारखान्यात कामाला लागला. त्यानंतर पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात, मग शिकागोत असं करत करत तो यंत्रकाम शिकला. दिवसा कामावर आणि रात्री खोलीवर गणिताची आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं. ना कॉलेज, ना डिग्री, ना कॅम्पस इंटरव्ह्यू. १९०० च्या सुमारास तो मिल्वॉकी शहरात आला तेव्हा उत्तम पॅटर्नमेकर झाला होता. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सुतारकामाचा जो जॉब कसाबसा उरकतो आणि पुढे फाउंड्रीत वाळूमध्ये जो लाकडी नमुना दाबतो, तो नमुना बनवणं हे याचं पोट भरायचं साधन. ज्याचा पॅटर्न चुकला त्याचं कास्टिंग चुकलं, हे फाउंड्रीचं प्रॅक्टिकल केलेल्यांना सांगायला नकोच.

मिल्वॉकीत तेव्हा गल्लोगल्ली पोरं पेट्रोल इंजिनं बनवण्याच्या नादाला लागली होती. ओलेही घोड्याशिवायच्या गाडीसाठी इंजिन बनवत होता. त्याच शहरात हार्ले आणि डेव्हिडसन नावाचे दोन तरुण सायकलला इंजिन लावायच्या खटपटीत होते, आणि त्यांच्या सुरुवातीच्या इंजिनाला ओलेची मदत झाली होती! होस्टेलच्या भिंतीवर हार्लेचं पोस्टर लावणाऱ्यांनी त्याखाली बारीक अक्षरात ओलेचं नाव लिहायला हरकत नाही.

या दिवसांत शेजारची बेस कॅरी त्याच्या आयुष्यात आली. बेसने बिझनेस कॉलेजमध्ये शिक्षण घेतलं होतं. ओलेला पत्र लिहिणं, हिशोब ठेवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यातलं काही धड जमत नसे. तो अबोल, लाजाळू माणूस. बेस त्याची पत्रं टाइप करून देऊ लागली. १९०६ मध्ये त्यांचं लग्न झालं. माझं स्पष्ट मत आहे की एव्हिनरूड हे नाव एकट्या ओलेचं मानणं हा बेसवर अन्याय आहे. का ते पुढे येईलच.

आइसक्रीमचा प्रसिद्ध किस्सा याच काळातला. ओकाउची नावाच्या तळ्यावर मंडळी सहलीला गेली होती. उन्हाळ्याचे दिवस. बेसला आइसक्रीम खावंसं वाटलं आणि दुकान तळ्याच्या पलीकडे, अडीच मैलांवर. ओलेने होडी काढली, वल्ही मारत गेला आणि वल्ही मारत आला. तोवर आइसक्रीमचं पाणी झालं होतं. (नांदुऱ्याच्या मे महिन्यात ते दुकानाच्या पायरीवरच झालं असतं!) परत येताना त्याच्या डोक्यात आलं की हे वल्हवण्याचं काम इंजिनाने करायला काय हरकत आहे? किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालाय, पण ही दमणूक खोटी वाटत नाही. चार किलोमीटर वल्हवून बघा म्हणजे कळेल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. होडीला बाहेरून इंजिन लावण्याची कल्पना ओलेची एकट्याची नव्हती. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसाने त्याच्या आधी असं इंजिन बनवून विकायला सुरुवातही केली होती. पण ओलेने जी मांडणी बसवली ती टिकली. इंजिनाचा सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा, डोक्यावर फ्लायव्हील, आणि पाण्याखाली बेव्हल गिअर वापरून फिरण्याची दिशा काटकोनात वळवलेली. गार ठेवायला तळ्याचंच पाणी. सुकाणू वेगळं नकोच, अख्खं इंजिन वळवलं की होडी वळते. आज पुराच्या पाण्यात धावणाऱ्या ओबीएमचं झाकण काढलं तरी मूळ कल्पना हीच दिसते.

पहिलं इंजिन त्याने बेसला दाखवलं तेव्हा ते तिला कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं म्हणे. १९०९ मध्ये मिल्वॉकीच्या किनिकिनिक नदीवर चाचणी झाली. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे २८ किलो, वेग ताशी सुमारे पाच मैल. काठावरचे लोक हसले. मग एका मित्राने ते इंजिन सहलीला नेलं आणि परत आला तो दहा इंजिनांची ऑर्डर आणि रोख पैसे घेऊनच. १९११ मध्ये पेटंट मिळालं.

जाहिरात बेसने लिहिली. तिचा सारांश असा, की वल्ही मारणं सोडा, ती फेकून द्या आणि एव्हिनरूडचं इंजिन लावा. तिने परदेशी व्यापाऱ्यांना पत्रं पाठवली. न्यूयॉर्कच्या एका डॅनिश निर्यातदाराला तिचं पत्र पटलं आणि त्याच्यामार्फत ही इंजिनं स्कँडिनेव्हियाच्या कोळ्यांकडे हजारोंनी गेली. ज्या नॉर्वेतून पाच वर्षांचं पोर आलं होतं त्या बाजूच्या पाण्यात त्याची इंजिनं पोचली ती बायकोच्या टाइपरायटरमुळे. ख्रिस मायर नावाचा भागीदार भांडवल घेऊन आला आणि कारखाना वाढला.

तर ते वल्ही फेकून देण्याचं. इथे मात्र माझं बेसशी पटत नाही.

ओलेचं पहिलं इंजिन टू-स्ट्रोक होतं. आपल्या घरची जुनी लूना किंवा जुनी चेतक आठवा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, निळा धूर निघायचा, आणि रुसली की चेतकला एका बाजूला तिरकी करून मग किक मारायची. प्लग काळा झाला की चालकाच्या डिकीत पाना आणि सँडपेपर तयारच असायचा. ही सगळी नाटकं आउटबोर्डही करतं. फरक एवढाच की लूना बंद पडली तर आपण पाय जमिनीवर टेकवतो, पेडल मारतो किंवा ढकलत घरी नेतो. पाण्यात पाय कुठे टेकवणार? त्यात सुरुवातीच्या इंजिनांची ठिणगी ड्राय सेलवर चालायची, आणि पाणी आणि वीज यांचं कधी जमलंय? चालू करायला दोरीसुद्धा नव्हती. फ्लायव्हीलवर एक मूठ असायची, ती हाताने जोरात फिरवायची आणि लगेच हात काढून घ्यायचा. उशीर झाला की फिरती मूठ बोटांवर फाडकन बसायची.

मी स्वतः हे बंद पडणं एकदा अनुभवलंय. कुठल्या धरणावर ते सांगत नाही. आम्ही घरचे सात जण एका जुन्या फायबरच्या बोटीत बसलो होतो. मागे जुनंपुराणं इंजिन, वल्हं एकच. अर्ध्या पाण्यात गेल्यावर इंजिन फटफट करून थांबलं. बोटवाल्या काकांनी दोरी ओढली, चालू झालं, दोन मिनिटांत परत बंद. असं तीन वेळा. वारा बोटीला धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता, आत्याने रामरक्षा सुरू केली आणि पप्पा लाइफ जॅकेट मोजत होते. ती पाच होती. शेवटी काकांच्या हाताखालच्या पोराने पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल केला. फुस्स करून आत हवा गेली. मग इंजिन जे चालू झालं ते काठापर्यंत थांबलं नाही. टाकीतून पेट्रोल जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते. स्क्रू बंद राहिला की आत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. थोडं थांबलं की जरा हवा शिरते, म्हणून ते दर वेळी दोनच मिनिटं चालत होतं. फ्लुइड मेकॅनिक्सचा हा धडा मला पेपरपेक्षा चांगला पाठ झालाय.

जुन्या आउटबोर्डची दुखणी बहुतेक अशी साधीच असतात. आधी पेट्रोल बघायचं, म्हणजे टाकीचा हवेचा स्क्रू, नळी, नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा. मग ठिणगी, म्हणजे प्लग काढून पुसायचा, आणि त्याही आधी लाल दोरीची सेफ्टी क्लिप निघाली नाही ना हे पाहायचं, कारण ती निघाली तर कितीही दोरी ओढा, काही होत नाही. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकट थर बसतो. आणि आता तर आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी फार झालं की ते दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनात नेमकं तेच आधी जातं. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. इंजिन जोरात ओरडतंय पण बोट जागची हलत नाही, असं झालं तर समजायचं की पंख्याची शिअर पिन तुटली. ही पिन मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा दगडाला किंवा झाडाच्या मुळाला अडला की दोन रुपयांची पिन तुटते आणि गिअर वाचतो. म्हणून जाणते लोक खिशात दोन पिना आणि पक्कड ठेवतात. इंजिनाच्या मागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावं, कारण आतल्या पंपाचं रबरी चाक गेलेलं असतं आणि आणखी पाच मिनिटांत पिस्टन जाम होईल. आणि काहीच जमलं नाही तर नांगर टाकून बोट जागेवर धरायची आणि वल्ही काढायची. ती फेकून दिलेली नसतील तर!

इंजिन थांबतं तेव्हा निदान सावरायला वेळ तरी मिळतो. ते ताब्यातून गेलं तर तोही मिळत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर जाऊन आदळली आणि कितीतरी जीव गेले. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला असं नौदलाने सांगितलं होतं. ते काही ओलेच्या दीड हॉर्सपॉवरसारखं खेळणं नव्हतं, पण पाण्यावर इंजिनाचं बिघडणं किती महाग पडतं ते त्या दिवशी कळलं.

ओलेच्या गोष्टीकडे परत येते, कारण पुढचा भाग मला सगळ्यात जास्त भावतो. धंदा भरात असताना बेसची तब्येत ढासळली. ओलेने कसलाही घोळ न घालता आपला हिस्सा मायरला विकला आणि पाच वर्षं आउटबोर्डच्या धंद्यात पडणार नाही असं कबूल केलं. बायको आणि मुलगा राल्फ यांना घेऊन तो फिरायला निघाला. स्वतःच्या नावाची कंपनी ऐन चढतीत सोडून द्यायची आणि तेही बायकोला विश्रांती मिळावी म्हणून! शंभर वर्षांपूर्वी असं करणारे नवरे किती असतील?

पण इंजिनीअरचं डोकं सुट्टीवर जात नाही. या काळात त्याने नवं इंजिन आखलं. बरेच भाग अॅल्युमिनियमचे, सिलिंडर एकाऐवजी दोन, ताकद तीन हॉर्सपॉवर म्हणजे आधीच्या दुप्पट, आणि वजन ४८ पौंड म्हणजे साधारण २२ किलो. मुदत संपल्यावर तो हे इंजिन घेऊन आधी मायरकडेच गेला. मायर नको म्हणाला. मग १९२१ मध्ये ओले आणि बेसने नवी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव वापरता येईना, ते तर विकून टाकलेलं. तेव्हा ‘एव्हिनरूड्स लाइट ट्विन आउटबोर्ड’ यातली इंग्रजी आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं एल्टो. म्हणजे बाजारात एकीकडे एव्हिनरूड आणि दुसरीकडे खरा एव्हिनरूड!

त्याच सुमारास जॉन्सन बंधूंनी आणखी हलकं, ३५ पौंडांचं इंजिन आणलं. मग ओले गप्प कसा बसेल? १९२८ मध्ये एल्टोचं चार सिलिंडरचं ‘क्वाड’ आलं. तळ्यांवर शर्यती लागू लागल्या. १९२९ मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवुड अशा तिन्ही कंपन्या एकत्र झाल्या आणि ओले अध्यक्ष झाला. असं त्याचं आडनाव पंधराएक वर्षांनी त्याला परत मिळालं. पण वर्ष बघा, १९२९. लगेच महामंदी आली. लोकांना खायचे वांधे, तिथे हौसेच्या होडीला इंजिन कोण घेणार? कारखाना बंद पडू नये म्हणून ओलेने पदरचा पैसा घातला.

१९३३ मध्ये बेस गेली. ओले त्यानंतर जेमतेम वर्षभर जगला. १२ जुलै १९३४ रोजी त्याचं निधन झालं तेव्हा तो फक्त ५७ वर्षांचा होता.

राल्फने कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये जुनी प्रतिस्पर्धी जॉन्सन कंपनीही याच घरात आली आणि त्यातूनच पुढे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन तयार झालं. (राल्फने पुढे फ्रान्सिस लँगफर्ड या गाजलेल्या गायिकेशी लग्न केलं, हे आपलं फिल्मी मंडळींसाठी.) ते कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत निघालं. एव्हिनरूडचं नाव कॅनडाच्या बॉम्बार्डिएरने विकत घेतलं, आणि त्यातूनच वेगळ्या झालेल्या बीआरपी कंपनीने मे २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनांचं उत्पादन कायमचं थांबवलं. फोर-स्ट्रोकच्या जमान्यात टू-स्ट्रोकचा शेवटचा मोठा शिलेदार म्हणून ते टिकून होतं, तेही संपलं.

जुनी इंजिनं मात्र संपलेली नाहीत. अमेरिकेत १९६५ पासून जुन्या आउटबोर्डच्या शौकिनांचा एक क्लब आहे. त्याचे सभासद शंभर वर्षांपूर्वीची इंजिनं उघडतात, नव्या रबरी नळ्या घालतात, प्लग पुसतात, आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जमून ती चालू करतात. ओलेच्या सुरुवातीच्या इंजिनांना अजूनही दोरी नाही. फ्लायव्हीलवरची मूठ धरून हातानेच फिरवावी लागतात, आणि बोटं वेळेत काढून घ्यावी लागतात.